डिप्रेशन, अँग्झायटी आणि येशूवरचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मंडळीत मोठ्यानं कोणी विचारत नाही, उपासना संपल्यावर दाराशी हळूच विचारतात किंवा रात्री उशिरा मेसेज करतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी, किती डोस असलं काही इथं मिळणार नाही. पण विश्वास आणि आजार दोन्ही एकाच माणसात असतात तेव्हा काय होतं ते बऱ्यापैकी जवळून बघितलंय.

मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करते, तरी डिप्रेशन आलं. माझा विश्वास कमी पडला का?

नाही. बायबलमधल्या '१ राजे' पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा आणि नीट वाचा, कारण आपल्याकडे अठराव्या अध्यायावर भरपूर संदेश होतात, कर्मेल डोंगर, आकाशातून अग्नी वगैरे, आणि पुढचा अध्याय पटकन उरकला जातो. एलीयानं नुकताच आयुष्यातला सगळ्यात मोठा चमत्कार बघितलेला असतो आणि ईजबेल राणीची एक धमकी आली की तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की पुरे झालं, आता माझा जीव घे. हा संदेष्टा आहे बरं का, नवखा विश्वासणारा नाही. आणि देव काय करतो? रागावत नाही, वचन ऐकवत नाही, तुझा विश्वास कुठं गेला असं विचारत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो खातो, परत झोपतो, परत उठवून खायला देतो. बोलणं नंतर, तेही होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालल्यावर, आणि तिथंसुद्धा वारा, भूकंप, अग्नी झाल्यावर एका अगदी मंद आवाजात.

म्हणजे झोप, अन्न आणि कोणाचा तरी हात, हे देवानं आधी दिलं. याला कमी आध्यात्मिक समजणाऱ्यांनी तो अध्याय परत वाचावा.

मोशेनं मरण मागितलंय, योनानं मागितलंय, यिर्मयानं स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिलाय. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशू शिष्यांना सांगतो की मला मरणाएवढं दुःख होतंय, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

पण 'कशाचीही चिंता करू नका' असं स्पष्ट लिहिलंय ना? मग अँग्झायटी म्हणजे पाप नाही का?

ते वाक्य फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं, प्रेषित पौलानं ते कैदेत असताना लिहिलंय. तोच पौल त्याच पत्रात दोन अध्याय आधी लिहितो की माझा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो सरळ म्हणतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर असते. म्हणजे ज्यानं चिंता करू नका लिहिलं त्याला चिंता होती, आणि ती त्यानं लपवली नाही.

ते वचन घाबरलेल्या माणसाला दटावण्यासाठी नाहीच आहे, तुझं ओझं इकडे दे असं ते बोलावणं आहे. शिवाय छातीत धडधडणं, हातापायाला घाम, रात्री तीनला जाग, हे तुम्ही ठरवून करत नाही, शरीराची धोक्याची यंत्रणा धोका नसताना चालू होते आणि बंद व्हायचं नाव घेत नाही. जे ठरवून केलेलं नाही त्याची क्षमा काय मागणार.

मग ती 'शांती' म्हणजे नक्की काय मिळतं? मला तर काहीच जाणवत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे असं मला वाटतं. आपण साक्षी ऐकतो, 'प्रार्थना केली आणि क्षणात सगळं शांत झालं', आणि मग आपल्याला तसं झालं नाही की वाटतं आपल्याला मिळालीच नाही. काहींना तसं होतंही, मी खोटं म्हणत नाही. पण येशूनं 'मी माझी शांती तुम्हाला देतो' हे म्हटलं ती रात्र कुठली ते बघा, त्याच रात्री त्याला अटक झाली, शिष्य पळाले, पेत्रानं तीनदा नाकारलं. त्याच बोलण्यात पुढे तो म्हणतो की जगात तुम्हाला क्लेश होतीलच. शांती आणि क्लेश एकाच संध्याकाळच्या बोलण्यात एकत्र आहेत.

त्यामुळे शांती म्हणजे लक्षणं गायब होणं असं धरून चाललात तर रोज सकाळी उठून स्वतःची परीक्षा घ्याल, आज वाटतंय का शांत, आज का नाही, आणि त्यानंच अजून अस्वस्थ व्हाल. मला जी शांती दिसलीय ती वेगळी आहे. विचार येतात, रडू येतं, अंथरुणातून उठवत नाही, पण 'देवानं मला टाकलंय' हा जो शेवटचा निकाल मन देत असतं तो निकाल मानावा लागत नाही. तो द्यायचा अधिकार माझ्या मूडला नाही. एवढंच. पण एवढ्यावर माणूस बरीच वाईट वर्षं काढू शकतो.

गोळ्या घेतल्या तर देवावर भरवसा नाही असं होतं का?

हिज्कीया राजाची गोष्ट बघा. देवानं त्याला यशया संदेष्ट्यामार्फत शब्द दिला होता की तू बरा होशील, अजून १५ वर्षं जगशील. आणि लगेच यशया काय सांगतो, अंजिराचा लेप गळवावर लावा. वचन पण आणि लेप पण. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, धंदा सोड असं म्हणत नाही. तीमथ्याला त्यानं वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, फक्त प्रार्थना कर असं नाही.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात आणि साइड इफेक्ट मात्र पहिल्या काही दिवसातच दिसतात, म्हणून खूप लोक दुसऱ्या आठवड्यात 'उपयोग नाही' म्हणून सोडतात, ते करू नका, डॉक्टरला फोन करून विचारा. या गोळ्यांची दारूसारखी नशा किंवा तलफ लागत नाही, पण अचानक बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून बंद करायच्या तर डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, त्या कोणाच्या सांगण्यावरून मनानं घेत राहू नका. सगळ्यांना गोळ्या लागतातच असंही नाही, सौम्य त्रासात नुसत्या थेरपीनंही बऱ्याच जणांना फरक पडतो.

मीटिंगमध्ये हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं की तू बरा झालास, आता गोळ्या फेकून दे. फेकू का?

नाही. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना काय सांगितलं, जाऊन याजकांना दाखवा, म्हणजे त्या काळी तपासायचं काम ज्यांचं होतं त्यांना. खरंच बरे झाला असाल तर तुमच्या डॉक्टरलाही दिसेलच, तो गोळ्या कमी करेल, घाई कसली आहे. आणि बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर गोळ्या सोडणं ही आजार उलटण्याची अगदी नेहमीची वाट आहे, आणि तेव्हा तो स्टेजवरचा माणूस घरी सांभाळायला येत नाही.

हे दुरात्म्याचं काम आहे असं घरचे म्हणतात...

मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे, त्यात भूतग्रस्त वेगळे, फेपरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे लिहिलेत. म्हणजे त्या काळातसुद्धा सगळं एकाच खात्यात टाकत नव्हते. कॅथलिक चर्चमध्ये बिशपच्या खास परवानगीशिवाय कोणी भूत काढण्याचा विधी करू शकत नाही, आणि १९९९ मध्ये तो विधी नव्यानं लिहिला तेव्हाही हेच सांगितलं की आजार आहे का ते आधी बघा. दोन हजार वर्षं हे काम करणारी संस्था एवढी सांभाळून चालते तर आपण दोन मिनिटात निदान करू नये.

प्रार्थना करायला ना नाही, जरूर करा. पण बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं, झोपू न देणं, रात्रभर ओरडून प्रार्थना, हे कुठल्याही नावाखाली होत असेल तर त्या माणसाला तिथून बाहेर काढा.

प्रार्थनाच होत नाही. बायबल उघडलं तरी अक्षरं नुसती डोळ्यासमोरून जातात.

एकाग्रता जाणं हे डिप्रेशनचं लक्षणच आहे, वर्तमानपत्र तरी वाचता येतं का ते बघा, तेही येत नसेल. मग त्याचा अर्थ देवापासून दूर गेलात असा लावू नका.

स्तोत्र ८८ मुद्दाम सांगते. बाकी दुःखाची स्तोत्रं शेवटी वळतात, 'तरी मी देवाची स्तुती करीन' असं काहीतरी येतं, हे वळत नाही, सुरुवातीपासून अंधार आणि शेवटचा शब्दही अंधारच. आणि तरी ते बायबलमध्ये ठेवलंय. कोणी त्याला शेवटी एक आशेची ओळ जोडली नाही. म्हणजे 'देवा, मला काही दिसत नाही' एवढंच म्हणणं ही पण पूर्ण प्रार्थना आहे, आणि तेही जमलं नाही तर रोमकरांस ८:२६ मध्ये म्हटलंय की आपल्याला काय मागावं कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांवाचून उसासे टाकत आपल्यासाठी मागतो.

दुसऱ्यांना मागू द्या. मार्क २ मधला पक्षाघाती आठवा, चौघांनी छप्पर उघडून खाली सोडला, आणि येशूनं 'त्यांचा' विश्वास बघितला असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस काही बोलल्याचं लिहिलेलं नाही.

पॅनिक अटॅक आला की त्या क्षणी काय करायचं?

आधी एक: पहिल्यांदाच असं होतंय, छातीत दुखतंय, तर पॅनिक समजून घरी बसू नका, हार्टची तपासणी करून घ्या. तपासून झालंय आणि पॅनिकच आहे हे माहीत आहे, तर लक्षात ठेवा की तो साधारण दहा मिनिटात टोकाला जातो आणि मग उतरतो. श्वास बाहेर सोडणं लांबवा, आत घेण्यापेक्षा जास्त वेळ. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं एक छोटी प्रार्थना म्हणतात, 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर'. बरेच जण ती श्वासाबरोबर म्हणतात, अर्धी आत घेताना, अर्धी सोडताना. ती लांब वाटली तर नुसतं 'येशू' चालेल. अटॅक थांबवण्यासाठी मंत्रासारखी वापरू नका म्हणजे झालं, थांबला नाही तर परत भीती वाटेल की प्रार्थनाही चालली नाही. तो त्याच्या वेळेनं जाईल, तोपर्यंत कोणाचं तरी नाव तोंडात असू दे.

मनात देवाबद्दल घाण घाण विचार येतात, शिव्या येतात. पवित्र आत्म्याची निंदा झाली, आता क्षमा नाही, असं वाटतं.

हा प्रश्न जितका येतो तितकं यावर बोललं जात नाही, म्हणून जरा लांब लिहिते.

नको असलेले विचार जबरदस्तीनं डोक्यात घुसणं, त्यांची प्रचंड भीती वाटणं, मग ते 'रद्द' करायला पुन्हा पुन्हा क्षमा मागणं, तीच प्रार्थना नीट झाली नाही म्हणून परत पहिल्यापासून म्हणणं, पाच जणांना विचारणं की मी तारलेला आहे ना... हे बहुतेक वेळा ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) असतं, धार्मिक विषयावर बसलेलं. आजार माणसाच्या सगळ्यात प्रिय गोष्टीवर जाऊन बसतो, आईला वाटतं माझ्या हातून बाळाला इजा होईल, आणि विश्वासणाऱ्याला वाटतं माझ्या तोंडून देवाची निंदा होईल. तुम्हाला त्या विचाराची किळस येते यातच कळतं की तो तुमचा नाही.

हे नवीनही नाही. जॉन बनियन या इंग्लिश लेखक-प्रचारकानं १६६६ मध्ये स्वतःची हकिगत छापली, त्यात 'ख्रिस्ताला विकून टाक' असा विचार त्याच्या डोक्यात दिवसरात्र कसा वाजत होता ते लिहिलंय. इग्नेशियस लोयोला, ज्यानं पुढे येशू संघ (जेझुइट) काढला, तो १५२२ च्या सुमाराला स्पेनमधल्या मॅनरेसामध्ये जुनी पापं परत परत कबूल करून एवढा थकला की जीव द्यावासा वाटायला लागला. शेवटी त्यानं झालेली जुनी पापं परत कबूल करायचीच नाहीत असं ठरवलं आणि सुटला. आजची थेरपी पण बरीचशी तेच शिकवते, विचार आला तर येऊ द्यायचा, आणि तो पुसायची धडपड हळूहळू बंद करायची. म्हणून पास्टरला दहाव्यांदा 'मला क्षमा आहे ना' विचारू नका, आणि पास्टर, तुम्हीही दहाव्यांदा उत्तर देऊ नका, ओसीडीची थेरपी करणाऱ्या माणसाकडे पाठवा.

आणि पवित्र आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही हे मार्क ३ मधलं वचन: ज्यांना येशूनं ते सुनावलं ते शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, तो भुतं काढतो हे माहीत असून थंड डोक्यानं म्हणत होते की हा सैतानाच्या मदतीनं करतो. रात्रभर रडत क्षमा मागणारी माणसं नव्हती ती.

मला आवाज ऐकू येतात, देव बोलतोय असं वाटतं.

सायकियाट्रिस्टला लवकर दाखवा, या आठवड्यात. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला, खाणं सोडायला, गोळ्या सोडायला सांगत असेल तर आजच, आणि एकटे राहू नका.

मरावंसं वाटतं. हे कोणाला सांगितलं तर काय म्हणतील?

सांगा. आत्ता. हे वाचून पूर्ण व्हायच्या आधी सांगा. गोळ्यांचा साठा, दोरी, जे काही डोक्यात असेल ते घरातल्या कोणाकडे तरी द्या किंवा तिथून उठून माणसांमध्ये जा. भारतात असाल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास. दुसरीकडे असाल तर तिथली हेल्पलाइन किंवा जवळच्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी वॉर्ड.

प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाचा नायक कैदी पळाले असं समजून तलवार उपसतो, आणि अंधारातून पौल ओरडतो, 'स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत.' आधी उपदेश नाही, आधी एवढंच. तुमचं तलवार उपसणं ज्याला दिसेल असा एक माणूस लागतो, म्हणून सांगा म्हणते.

आणि घरच्यांसाठी: 'तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का' असं सरळ विचारल्यानं विचार डोक्यात घातला जात नाही. विचारा.

आमच्या घरातल्या माणसानं आत्महत्या केली. तो नरकात गेला का?

असं ठामपणे सांगणाऱ्याचं ऐकू नका, त्याला माहीत असायचं काही कारण नाही. कॅथलिक चर्चची १९९२ ची धर्मशिक्षा (अधिकृत शिकवणीचं पुस्तक) आत्महत्येला चूकच म्हणते, पण गंभीर मानसिक आजारात, तीव्र यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते असं तिथंच लिहिलंय, आणि त्या माणसाच्या तारणाबद्दल आशा सोडू नका, त्याच्यासाठी प्रार्थना करा असंही. प्रोटेस्टंट बाजूनं बोलायचं तर तारण शेवटच्या मिनिटाच्या कामगिरीवर ठरत नाही हेच तर आपण शिकवतो. रोमकरांस ८ मध्ये मरण आणि जीवन दोन्हीपैकी काहीच देवाच्या प्रीतीपासून तोडू शकत नाही म्हटलंय. तुम्ही त्यांचं नाव घ्या, त्यांच्या आठवणी काढा. मंडळीत लोक विषय टाळतील, तरी काढा.

पास्टरना किंवा फादरना सांगू का? बातमी पसरेल.

पसरू शकते, खरंय. 'प्रार्थना विनंती' म्हणून ग्रुपवर नावासकट टाकणारे लोक आहेत. म्हणून आधी विचारा, हे तुमच्यापर्यंतच राहील ना. पापकबुलीत फादरांना सांगितलेलं ते कोणालाही सांगू शकत नाहीत, पण नुसत्या गप्पांना तो नियम लागत नाही. आणि चांगला पास्टर ऐकून घेतो, प्रार्थना करतो आणि म्हणतो की डॉक्टरकडे जाऊ, मी येतो बरोबर. जो म्हणतो कुठं जायची गरज नाही, मी बघतो, त्याच्यापासून जरा लांबच.

घरात नवऱ्याला डिप्रेशन आहे. मी काय बोलू?

कमी. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढं त्यांनी उत्तम केलं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. 'आनंदी राहा', 'बघ दुसऱ्यांना किती दुःख आहे', 'सैतानाला जागा देऊ नकोस' हे नको. 'आज आंघोळ झाली का, चल मी पाणी काढते' हे चालेल. अपॉइंटमेंट घेणं, बरोबर जाणं, गोळी घेतली का बघणं. आणि तुमची झोप, कारण तुम्ही पडलात तर दोघं पडाल.

उपास करू का?

गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. लिथियम (बायपोलरसाठी देतात ती गोळी) घेणाऱ्यांनी तर पाणी सोडायचंच नाही, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. खाण्याशी संबंधित आजार असेल तर उपास पूर्णपणे बाजूला ठेवा.

मोठ्या निर्णयाचं काय? नोकरी सोडावी, लग्न मोडावं असं वाटतंय.

इग्नेशियसचाच नियम आहे, मन उजाड असताना आधी घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. थांबा. फक्त एक, घरात मारहाण होत असेल तर थांबू नका, तो वेगळा विषय आहे.

मी ख्रिस्ती नाही, पण येशूबद्दल वाचून बरं वाटतं. येऊ का?

या की. फक्त 'बाप्तिस्मा घे, आजार जाईल' असं कोणी सांगितलं तर त्या अटीवर येऊ नका. 'कष्टी आणि ओझ्यानं लादलेले' अशा सगळ्यांना त्यानं बोलावलंय, बरे झाल्यावर या असं नाही म्हटलेलं.

आणि कधीच पूर्ण बरं झालं नाही तर?

काहींना होत नाही, हे सांगायलाच पाहिजे. पौलानं 'शरीरातल्या काट्या'साठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' एवढं उत्तर आलं. इंग्लंडचा प्रचारक चार्ल्स स्पर्जन, ज्याला ऐकायला हजारो लोक यायचे, त्याच्या सभेत १८५६ मध्ये कोणी आग आग म्हणून ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात जण गेले, तो त्यातून आणि डिप्रेशनमधून पूर्ण कधी सुटला नाही, १८९२ मध्ये वारला तोपर्यंत आजारीच होता, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो हे उघड सांगायचा. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना आत देव जाणवतच नव्हता. तरी त्या सकाळी उठून कामाला जात होत्या.

याचा अर्थ उपचार सोडून काटा मिरवायचा असा नाही. पौलानंही आधी तीनदा मागितलं. एका डॉक्टरनं नाही जमलं तर दुसरा बघा, एका गोळीनं नाही जमलं तर दुसरी असते, थेरपिस्टशी सूर नाही जुळला तर बदला, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

सुरुवात कुठून करू? डोकं चालत नाही.

आज अपॉइंटमेंट घ्या, स्वतः फोन होत नसेल तर कोणालातरी करायला सांगा. वाचायला मार्कचं शुभवर्तमान, चारही शुभवर्तमानांमध्ये सगळ्यात छोटं आहे, सोळा अध्याय. किंवा एक स्तोत्र, १३ वं घ्या, सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कुठवर' असं विचारलंय. वाचवत नसेल तर ऑडिओ बायबल लावून पडून राहा, अर्ध्यात झोप लागली तर उद्या पुढचं.